रापण, शॉट ९ : फ्लिकर दिव्यात नव्हता, कागदात होता

रापण या कटआउट ॲनिमेशनमधल्या (कापलेली चित्रं टेबलावर जराजरा सरकवत एकेक फोटो काढायचा) शॉट ९ चा फ्लिकर, म्हणजे फ्रेमगणिक उजेडाचं लुकलुकणं, कुठून येतो ते अखेर सापडलं. दिवा, लेन्स, कॅमेरा सगळे निर्दोष निघाले. दोष होता वाळू म्हणून पसरलेल्या पांढऱ्या कागदात. २१६ फ्रेम तीनदा काढून झाल्यावर हे कळलं, म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी त्यावरच आहे. पावसाळ्यात किनारपट्टीवर कटआउट करणाऱ्या प्रत्येकाची या दोषाशी कधी ना कधी गाठ पडणार.

फिल्मचे रंग दोनच, गोवा-कोकणातल्या भिंतींवरच्या कावी चित्रांचे : लाल आणि पांढरा. समुद्र लाल, त्यात पांढऱ्या लाटा, आणि वाळू कोरी. शॉट ९ मध्ये रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोन्ही टोकांना आठ-आठ जण दोर ओढतायत, १८ सेकंद, ट्वोजवर (सेकंदाला १२ चित्रं, प्रत्येक दोनदा दाखवलेलं). अर्ध्याहून जास्त फ्रेम नुसती वाळू. कोऱ्या पांढऱ्यावर उजेडात टक्का-दीड टक्का फरक पडला तरी डोळ्याला खुपतो. शॉट ४ मध्येही हाच दोष असणार, पण तिथे तो खरवडलेल्या रेघांमध्ये लपला.

आधी काय काय बाद केलं ते थोडक्यात. विजेवर संशय होता, म्हणून दिवे मेन्सवरून काढले. १२ व्होल्ट, ७ एएचच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या, म्हणजे २४ व्होल्ट. त्यापुढे प्रत्येक दिव्याला स्वतःचं एलएम२५९६ मॉड्यूल (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं), आउटपुट १२ व्होल्टला बांधलेलं. दिव्यात एक मीटर ५०५० एलईडी स्ट्रिप, सुमारे १.२ अँपिअर. एका मॉड्यूलवर दोन दिवे टाकू नका. डेटाशीटवर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी २ च्या पुढे हीटसिंकशिवाय ते फार तापतं. एकाच बॅटरीवर हे जमत नाही, कारण या मॉड्यूलला आउटपुटपेक्षा दीडेक व्होल्ट जास्त इनपुट लागतं. तेवढं मिळालं नाही की बॅटरी उतरेल तसा उजेडही उतरतो. दोन्ही दिवे लावून चार तास निघतात. पहिला अर्धा तास फ्रेम काढायची नाही, एलईडी तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

मग लेन्स. ऑटो डायाफ्रॅमच्या लेन्समध्ये ॲपर्चरची पाती दर फ्रेमला नव्याने मिटतात आणि दर वेळी अगदी त्याच जागी येत नाहीत. त्यावर ॲपर्चर रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स हाच खरा उपाय. निकॉरची ५५ एमएम मायक्रो ॲडॅप्टरने कॅननच्या ईएफ बॉडीवर बसते, कारण निकॉन एफ माउंटचं सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आणि ईएफचं ४४. ॲडॅप्टरला अडीच मिमी जागा मिळते. कटआउटसाठी यापेक्षा चांगली लेन्स शोधत बसू नये. एफ ८, आयएसओ १००, १ सेकंद, व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये बांधलेला, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. अंगात काळे पूर्ण बाह्यांचे कपडे, मागच्या भिंतीवर काळं कापड.

एवढं करून फ्लिकर कमी झाला, पण गेला नाही.

वाट सापडली ती ग्रे कार्डमुळे, म्हणजे उजेड मोजायच्या ठरावीक राखाडी कार्डामुळे. कॅमेऱ्याची फ्रेम ५१८४ × ३४५६, तर १६:९ ला लागतात फक्त २९१६ ओळी. वरखाली मिळून ५४० ओळी फुकट जातात. त्या जागेत ग्रे कार्डची पट्टी कायमची चिकटवून टाकली. मग डीसीरॉ या प्रोग्रॅमने सगळ्या रॉ फाइल लिनिअर (आकडे थेट उजेडाच्या प्रमाणात) १६ बिटमध्ये काढल्या, इमेजमॅजिक या प्रोग्रॅमने ठरलेल्या जागांचे ६० × ६० पिक्सेलचे तुकडे कापले आणि प्रत्येकाची सरासरी एका तक्त्यात उतरवली : ग्रे पट्टीचा एक, वाळूचे डावे, मधले आणि उजवे असे तीन. हे मोजमाप जेपीजीवर करू नका. जेपीजीत गॅमा असतो, म्हणजे आकडे उजेडाच्या थेट प्रमाणात नसतात, त्यामुळे उजेडातला पावणेपाच टक्क्यांचा फरक आकड्यांत जेमतेम दोन टक्के दिसतो आणि किरकोळ वाटून सुटून जातो. आधीच्या दोन तपासण्यांत तसंच झालं होतं.

तक्ता असा निघाला : ग्रे पट्टी २१६ फ्रेममध्ये ०.३ टक्क्याच्या आत. वाळू मात्र ४ टक्क्यांपर्यंत वरखाली. आणि सगळ्यात बोलका आकडा म्हणजे वाळूचा डावा तुकडा उजळला की बरेचदा मधला काळवंडत होता. दिवा हलला असता तर सगळे तुकडे एकाच दिशेने गेले असते. उलटसुलट जातायत याचा अर्थ कागदावर फुगवटे आहेत. फुगवट्याची एक बाजू दिव्याकडे कलते, दुसरी पाठ फिरवते.

इतका छोटा फुगवटा एवढा का दिसतो, तर दिवा फार तिरपा होता म्हणून. कटआउटच्या कडांना सावली हवी म्हणून शॉट ९ एकाच दिव्यावर होता, टेबलापासून फक्त २० अंश वर. तिरप्या उजेडात पृष्ठभाग एक अंश कलला तर उजेडात ४.८ टक्के फरक पडतो. तोच दिवा ४५ अंशांवर असेल तर १.७ टक्के. आणि दोन सारखे दिवे, डावीकडून एक आणि उजवीकडून एक, दोन्ही ४५ अंशांवर असतील तर एकाचं कमी दुसऱ्याचं जास्त होऊन फरक जवळजवळ शून्यावर येतो. चित्रांच्या प्रती काढणाऱ्या कॉपी स्टँडला दोन बाजूंनी ४५ अंशांवर दिवे असतात. त्या मांडणीचा हा फायदा आपल्या टेबलावर मोजून बघण्यासारखा आहे.

कागद हलतो का, याची चाचणी सोपी आहे. टेबलाला हात न लावता दर ३० सेकंदांनी एक, अशा ४० मिनिटांत ८० फ्रेम. विसाव्या मिनिटाला एसी चालू. ग्रे पट्टी जागच्या जागी, वाळू मात्र पहिल्यापासून सरकत होती, आणि एसी लागल्यावर पाचेक मिनिटांत तिचे फुगवटे दुसरीकडे गेले. जुलैत हायग्रोमीटरवर आर्द्रता बहुतेक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते आणि एसीत ६० वर येते. कागदाचे तंतू ओलाव्याने फुगतात ते मुख्यतः रुंदीत, लांबीत फार कमी. चारी कडा टेपने बांधल्या की वाढलेल्या कागदाला वर उठण्यावाचून जागाच उरत नाही. घट्ट चिकटवलेला कागद जास्त फुगत होता तो यामुळेच. त्यात फ्रेम लावताना आपण तळहाताने दाबतो, श्वास सोडतो, कधी दोन मिनिटांत फ्रेम होते तर कधी सात. त्यामुळे सावकाश होणारा बदल फ्रेमगणिक तुटक होऊन लुकलुकल्यासारखा दिसतो.

माणसांच्या कटआउटचंही तेच. ३०० जीएसएम आयव्हरी कार्ड, एका बाजूला डिंकात कालवलेला गेरू, मागची बाजू उघडी. उघडी बाजू ओलावा घेते, फुगते आणि कडा वर उचलल्या जातात. २० अंशांच्या दिव्यात १ मिमी उचललेल्या कडेची सावली पावणेतीन मिमी पडते. फ्रेमची रुंदी ४२ सेंमी धरली तर १९२० पिक्सेल रुंद चित्रात ते साडेबारा पिक्सेल होतात. रापणकारांच्या पायाशी सावली थरथरते असं जे वाटत होतं, ते हेच.

सिलिका जेलचा डबा हा उपाय नाही, हे ठासून सांगतो. डब्यात कार्ड सपाट राहतं, पण टेबलावर आल्यावर काही मिनिटांत ते खोलीचा ओलावा घेतं आणि तेव्हाच ते सर्वात जास्त हलत असतं. ज्यांना कार्डच वापरायचंय त्यांनी दोन गोष्टी कराव्यात : मागच्या बाजूला पुढच्याइतकाच रंगाचा थर द्यावा आणि सगळे तुकडे ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, एकाच बाजूला ठेवून कापावेत. ग्रेन ओळखायची तर छोटा चौकोन एका बाजूने ओला करा. तो जी नळी करतो तिची लांबी ग्रेनच्या दिशेने असते. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅमचा डीफ्लिकर फिल्टरही इथे उपयोगाचा नाही. तो पूर्ण फ्रेमची सरासरी सारखी करतो, आणि आपला दोष जागोजागचा आहे. लावून पाहिला तर वाळू होती तशीच राहिली आणि वर लाल होडी धडधडायला लागली.

कागद आता पूर्ण बाद. वाळूसाठी ३ मिमी पांढरा सनबोर्ड. तो पीव्हीसी फोम असतो, ओलाव्याचं त्याला काही नाही. म्हापशात पाट्या बनवणाऱ्यांकडे याचे कटपीस पडलेले असतात, अख्खी शीट घ्यायची गरज नाही. फक्त चकाकी नसलेला बघून घ्या आणि वरची फिल्म काढल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल हलकं घासा. ४० मिनिटांची तीच चाचणी सनबोर्डवर केली : तिन्ही तुकडे ०.४ टक्क्याच्या आत. दिवा तोच, २० अंशांवरच. तीन आठवड्यांनी तक्त्यात सरळ रेघ दिसली, फार बरं वाटलं.

सनबोर्ड घासताना समुद्राचाही प्रश्न सुटला. आतापर्यंत समुद्र म्हणजे लाल रंगवलेलं कार्ड आणि त्यावर पांढऱ्या जेल पेनच्या रेघा, शॉट ४ पुरतं फक्त खरवडलेलं. पण खऱ्या कावीत पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देतात आणि तो खरवडून खालचा पांढरा काढतात. सनबोर्ड आतूनही पांढराच आहे. घासलेल्या सनबोर्डवर ॲक्रिलिकचे दोन पातळ हात, हाताला लागेनासा झाला की लगेच, पहिल्या दोन-तीन तासांत, गोधडीच्या जाड सुईने खरवडायचं. रात्रभर वाळलेला थर रेघेच्या कडेला कपचे होऊन निघतो. जेल पेनपेक्षा ही रेघ इतकी जिवंत येते, की शॉट ४ सुद्धा पुन्हा काढावा असं आता वाटतंय.

माणसांसाठी प्रिंटिंगवाल्यांकडची नॉन-टेअरेबल (न फाटणारी प्लास्टिकची) शीट, २५० मायक्रॉन. त्यावर लेझरने बाह्यरेषा छापून घ्यायच्या असतील तर पॉलिएस्टरचीच मागा. पॉलिप्रॉपिलीनची शीट लेझर प्रिंटरच्या उष्णतेत वितळते. ही शीट हलकी आणि गुळगुळीत असल्यामुळे चिमट्याच्या धक्क्याने सरकते. सोल्डर वायरचा अर्ध्या सेंमीचा तुकडा हातोडीने चपटा करून धडामागे चिकटवला की पुरेसं वजन येतं.

सोल्डर वायरवरून आठवलं, दोर जमला! सुतळी पिळा सोडते, तांब्याची तार उसळी मारते. ०.८ मिमी सोल्डर वायर ठेवाल तिथे निपचित पडून राहते. पर्मनंट मार्करने काळी करायची, वाकवलेल्या जागी चमक उघडी पडते म्हणून दर वीसेक फ्रेमनंतर पुन्हा मार्कर. त्यात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. ओढण्याचं चक्र १२ चित्रांचं ठेवलंय, म्हणजे एका सेकंदात एक हिसका, आणि प्रत्येक माणूस पुढच्यापेक्षा एक चित्र मागे. आठही जण एकाच वेळी हिसका देत होते तेव्हा कवायत वाटायची. आता दोरातून ओढ सरकत जाताना दिसते.

चौथ्यांदा शॉट ९ सुरू करण्याआधी दिव्यांची मांडणी बदलतोय. दर चित्राच्या दोन फ्रेम : पहिली दोन्ही बाजूंच्या ४५ अंशांच्या दिव्यांत, दुसरी फक्त तिरप्या दिव्यात. दुसरीला त्याच दिव्यातल्या रिकाम्या टेबलाच्या फ्रेमने ब्लेंडर या प्रोग्रॅमच्या कंपोझिटरमध्ये भागायचं. रिकाम्या जागी उत्तर १ येतं, सावलीत १ पेक्षा कमी, म्हणजे नुसती सावली सुटी मिळते. माणसांचे आकार तेवढे मास्क करून वगळायचे. मग सावली किती गडद ठेवायची ते शेवटी ठरवता येतं. रिकामी फ्रेम शॉटच्या आधी एक आणि नंतर एक. फाइल दुप्पट होतील : ४३२ फ्रेम, प्रत्येकी सुमारे २५ एमबी, जवळपास ११ जीबी. चालेल.

दिवे आलटून पालटून लावायला रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि आर्डुइनो नॅनो (ते चालवणारा छोटा बोर्ड) जोडून ठेवले होते, पण हे लिहिता लिहिता त्यातली चूक लक्षात आली. दिवा दर फ्रेमला बंद-चालू झाला तर तो कधीच नीट तापणार नाही, आणि वर लिहिलेला अर्धा तास वाया. म्हणजे दिवे जळतेच ठेवायचे आणि पुढे झडप आणायची. तिरप्या दिव्यासाठी आणखी एक मीटर स्ट्रिप आणि तिसरं मॉड्यूल लागेल, आणि बॅटऱ्या चारऐवजी अडीच तासच पुरतील. एसजी९० सर्व्होवर (ठरलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरवर) काळा रंगवलेला सनबोर्डचा तुकडा, प्रत्येक दिव्यासमोर एक. सर्व्हो टेबलाला न लावता वेगळ्या स्टँडवर, नाहीतर झडप पडताना चित्र हलेल. झडप पडल्यावर दोन सेकंद थांबून जीफोटो२ ने (कॉम्प्युटरवरून कॅमेरा चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) शटर. नॅनोवरचा रिलेचा कोड काढून सर्व्होचा टाकलाय. तिसरी झडप आज रात्री कापतो.