झिरो बावन्न चौतीस आणि लेट्यूस: फ्लॅटमधलं पहिलं हायड्रोपोनिक्स

घरात, दिव्याखाली, मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यात झाड वाढवायचं (यालाच हायड्रोपोनिक्स म्हणतात) म्हणून नेटवर शोधलं की सापडणारी बरीचशी माहिती गांजा लावणाऱ्यांनी लिहिलेली असते. ज्या देशांत परवानगी आहे तिथलं ते तिथे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. झाड शेतात आहे की बेडरूमच्या कोपऱ्यात, याने फरक पडत नाही. त्यामुळे तो विषय इथेच संपला. पण त्या माहितीत आणखी एक खोट आहे. तिथले आकडे फुलावर येणाऱ्या, प्रचंड उजेड मागणाऱ्या खादाड झाडाचे असतात. तेवढं खत आणि तेवढा दिवा लेट्यूसला दिला की आठवड्यात पानांच्या कडा जळतात, आणि नवशिक्या म्हणतो की हायड्रोपोनिक्स आपल्याला जमत नाही.

पहिल्या वेळी सुट्या पानांचं लेट्यूस लावावं. गड्ड्याचं आइसबर्ग नको. सोबत चारदोन बेझिलची रोपं चालतील. टोमॅटो, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी हे प्रकरण दुसऱ्या वर्षाचं. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी तोवर रस्त्याकडेच्या टोपलीतून घ्यावी. कोथिंबिरीच्याही नादी लागू नये. पंचवटीच्या बाजार समितीत जुड्यांचे ढीग लागत असताना ती विजेच्या दिव्याखाली वाढवण्यात काही अर्थ नाही.

नाशिककराची एक सोय मात्र पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना नाही. हायड्रोपोनिक्सची म्हणून ज्या बाटल्या ऑनलाइन मिळतात, त्यातले मुख्य क्षार पिंपळगाव, ओझर, दिंडोरीच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात द्राक्षासाठी पोत्याने पडलेले असतात. कॅल्शियम नायट्रेट, तेरा झिरो पंचेचाळीस, झिरो बावन्न चौतीस आणि मॅग्नेशियम सल्फेट, एवढे चार पुडे घ्यायचे. नावातले आकडे क्रमाने नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण सांगतात. एक किलोचा पुडा घरच्या बादल्यांना वर्षभर पुरून उरतो. दुकानदार सवयीने एकोणीस एकोणीस एकोणीस पुढे करेल, ते घेऊ नका. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया फोडून झाडाला देतात, पण बादलीतल्या स्वच्छ पाण्यात ते पुरेसे नसतात. वर युरिया ईसी मीटरला (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) दिसतही नाही, म्हणजे पाण्यात किती खत आहे हे कळायचा रस्ताच बंद होतो.

आता मापं. शंभर लिटर पाण्याचा अर्क दोन एक-लिटर बाटल्यांत करून ठेवायचा.

अ बाटली: कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम.

ब बाटली: तेरा झिरो पंचेचाळीस ३० ग्रॅम, झिरो बावन्न चौतीस २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम.

दर लिटर पाण्याला दोन्हींतून १०-१० मिली, म्हणजे वीस लिटरच्या क्रेटला २००-२०० मिली. हिशेब केला तर लिटरमागे नत्र साधारण १४५ मिलिग्रॅम, स्फुरद ४५, पालाश १६५ ते १७०, कॅल्शियम १३०, मॅग्नेशियम ३८ येतं. पालेभाजीला हे भरपूर झालं. वजन सोनाराकडे असतो तसल्या ०.०१ ग्रॅमच्या छोट्या काट्यावर करायचं. स्वयंपाकघरातला काटा दोनचार ग्रॅम सहज इकडेतिकडे करतो.

दोन बाटल्या कशासाठी? घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम बनतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले तरी साका बसतो. एकदा हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन्ही अर्कांचा एकेक चमचा काचेच्या ग्लासात एकत्र करा. पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि थोड्या वेळाने तळाशी भुकटी बसते. ती भुकटी झाडाला मिळत नाही. म्हणून आधी क्रेट पाण्याने भरायचा, अ टाकून ढवळायचं, मग ब टाकून पुन्हा ढवळायचं. विरळ पाण्यात दोघं भांडत नाहीत.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाबतीत द्राक्षाचा पुडा डोळे झाकून आणू नये. फवारणीच्या काही मिश्रणांत लोहापेक्षा जस्त जास्त असतं, आणि पाण्यातल्या झाडाला नेमकं उलटं हवं असतं. पुड्यावरचा तक्ता वाचा, लोह सगळ्यांत जास्त असलेलं चिलेटेड मिश्रण घ्या, म्हणजे ज्यात लोह ईडीटीएसारख्या संयुगाने धरून पाण्यात विरघळलेलं ठेवलेलं असतं. लिटरमागे दोन ते अडीच मिलिग्रॅम लोह पुरे. लोह ६ टक्के असेल तर वीस लिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास बसतं. हे थेट क्रेटमध्ये टाकलं तरी चालतं.

पाण्याकडे येऊ, कारण नव्वद टक्के रडगाणी इथली असतात. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. आपला खडक बेसाल्ट. त्यातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. नळाच्या तोंडाशी, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तो त्यांचाच. उन्हाळ्यात टँकर आणि बोअर एकाच टाकीत पडतात, त्यामुळे मार्चमध्ये जमलेलं गणित मेमध्ये बिघडतं. खत टाकण्याआधी दर वेळी नुसत्या पाण्याचा ईसी मोजा. ०.४ (एमएस/सेंमी) च्या खाली असेल तर डोळे मिटून वापरा. ०.७-०.८ दिसला तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओच्या मागच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र कधीच नको, सगळे क्षार त्यातच जमलेले असतात.

खत टाकल्यावर ईसी १.६ ते १.९ यायला हवा. नुकत्या लावलेल्या रोपांना निम्म्या मात्रेचं, साधारण १ ईसीचं पाणी द्या आणि दहाएक दिवसांनी पूर्ण करा. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा. तो ७ च्या वर गेला की ईडीटीएमधलं लोह सुटतं आणि झाडाला मिळेनासं होतं. मग कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, असं चित्र दिसतं. लोक त्यावर आणखी खत टाकतात, खतात काहीच कमी नसतं. पीएच उतरवायला फॉस्फरिक ॲसिड वापरा, ठिबकच्या नळ्या साफ करायला बागाईतदार वापरतात तेच. आधी पाण्यात पातळ करून घ्या, आणि ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. लिंबू किंवा सायट्रिक ॲसिडने पीएच उतरतो, पण जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा परत वर. बायकार्बोनेटवालं पाणीही असंच वर चढत राहतं, म्हणून पहिले तीन दिवस रोज मोजावं.

पहिल्यांदा पंप, पाइप, एनएफटीचे (उतरत्या पाइपातून पाण्याचा पातळ प्रवाह फिरवण्याच्या पद्धतीचे) उतार यांत पडू नका. १५ ते २० सेंमी खोल, अपारदर्शक, झाकणाचा वीस-पंचवीस लिटरचा क्रेट, झाकणाला सहा भोकं, त्यात दोन इंची नेट पॉट (जाळीदार छोट्या कुंड्या), बस्स. याला क्रॅटकी पद्धत म्हणतात. नेट पॉटचा तळ पाण्यात सेंटीमीटरभर बुडेल इतकं पाणी भरायचं. झाड पाणी पितं, पातळी उतरते, आणि मधल्या ओलसर पोकळीत बारीक केसाळ मुळं फुटतात. ही हवेतली मुळं श्वास घेतात, खालची पाणी पितात. काढणीपर्यंत एक झाड तीन-चार लिटर पितं, त्यामुळे क्रेट एका पिकाला जवळजवळ पुरतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पातळी खाली गेलेली बघून कुणीतरी प्रेमाने क्रेट काठोकाठ भरतं. हवेतली मुळं बुडतात आणि दोन दिवसांत धडधाकट झाड मान टाकतं. भरायचंच झालं तर तळापासून पाच-सात सेंमीपर्यंतच, निम्म्या मात्रेच्या पाण्याने.

एअर पंप लावायचा असेल तर तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. वीज गेली की खाली ठेवलेल्या पंपात नळीतून पाणी उलटं येतं, आणि फरशीवर खताचं तळं होतं.

बी वरवर पेरायचं. लेट्यूसच्या बियाला उजेड लागतो, खोल पुरलं तर रुसतं. ओल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) प्लगवर ठेवून नुसतं दाबायचं. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतो. मात्र २८-२९ अंशांच्या वर हे बी झोपी जातं, म्हणून एप्रिल-मेमध्ये ट्रे पहिले दोन दिवस माठाशेजारी ठेवावा. कोकोपीट साध्या पाण्याने दोनतीनदा धुवून घ्या, त्यात मीठ असतं. चौथं पान आलं, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, रोप क्रेटवर चढवायचं.

उजेड खिडकीतून पुरत नाही, नाशिकच्या उन्हातही नाही. जांभळे ‘ग्रो लाइट’ घेऊ नका. चार फूट बाय दीड फुटाच्या फळीवर २० वॉटच्या सहा पांढऱ्या एलईडी बॅटन, पानांपासून २०-२५ सेंमीवर, रोज १६ तास. फोनच्या लक्स ॲपवर पानाच्या उंचीला १५ ते १७ हजार लक्स दिसले की काम झालं. ॲप अचूक नसतं, पण ५ हजार आणि १५ हजार यांतला फरक नक्की सांगतं. उजेड कमी पडला तर रोप पहिल्याच आठवड्यात लांब, लुळं, दोऱ्यासारखं होतं आणि आडवं पडतं. सहा बॅटन म्हणजे महिन्याला जवळपास ५८ युनिट. घरचा वापर १०० च्या अलीकडे असेल तर वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा दर लागतो, हे बिल यायच्या आधी माहीत असावं. दिवे रात्री लावा: दिवसाची उष्णता टळते.

उष्णता हा इथला खरा शत्रू. पाण्यात प्राणवायू २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, ३० अंशाला साडेसातपर्यंत घसरतो. त्यात मुळं कुजवणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जीवाला ऊब आवडते. मुळं पांढऱ्याची तपकिरी, बोटाला बुळबुळीत, आणि झाकण उघडलं की गटारासारखा वास, हे दिसलं की औषध शोधू नका. झाड फेकायचं, क्रेट ब्लीचने धुवायचा आणि नव्याने सुरुवात करायची. गोठवलेल्या पाण्याची बाटली क्रेटमध्ये सोडून दोनतीन अंश उतरतात, पण मे महिन्यात ती दिवसाला दोनदा बदलावी लागते. त्यापेक्षा ऑक्टोबर ते फेब्रुवारी लेट्यूस, आणि एप्रिल-मे बेझिल, हा क्रम शहाणपणाचा. उन्हाळ्यातलं लेट्यूस तसंही दांडा काढतं आणि कडू होतं. डिसेंबरच्या कडाक्यात बाल्कनीत वाढ मंदावते, म्हणून क्रेट घरातच ठेवावा.

कोवळ्या पानांच्या टोकांना तपकिरी जळ दिसली तर कॅल्शियम वाढवू नका. पाण्यात ते पुरेसं आहे. हवा साचलेली असल्यामुळे आतल्या पानांतून बाष्प सुटत नाही आणि कॅल्शियम तिथवर पोचत नाही. छोटा टेबल फॅन मंद लावून ठेवला की नवी पानं नीट येतात. क्रेटच्या भिंती आतून हिरव्या झाल्या तर कुठूनतरी उजेड शिरतोय: बाहेरून आधी काळी, वर पांढरी टेप. रिकामं भोक टेपने बंद करा, नाहीतर डेंग्यूच्या डासाला आयतं घर मिळतं.

लावल्यापासून तीस-पस्तीस दिवसांत पानं तोडता येतात. बाहेरची पानं तोडत गेलात तर तेच झाड आणखी दोन-तीन वेळा देतं. शेवटी तळाशी उरलेलं पाणी पुढच्या पिकाला वापरायचं नाही. झाडाने काय घेतलं आणि काय सोडलं हे ईसी मीटर सांगत नाही, तो फक्त बेरीज सांगतो. दुप्पट पाणी मिसळून ते कढीपत्त्याच्या कुंडीला घाला.