सावली किती पांढरी

18 मे, रात्री साडेदहा

आज भर दुपारी गच्चीवर आणि मग रस्त्यावर हिंडले, डोकं अजून ठणकतंय, आईने दोनदा पन्हं दिलं आणि दोन्ही वेळा तेच, "एवढ्या उन्हात काय करून राह्यली तू?" पण आज जे दिसलं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

दोन महिने झाले सायनोटाइप करतेय, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळे फोटो छापायची जुनी पद्धत, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला होता, पद्धतीचा नाही, माझ्या विषयांचा. जास्वंदीची पानं, महाल भागातल्या एका वाड्याच्या खिडकीची निगेटिव्ह, सगळं निळं, सगळं छान, आणि कशासाठी केलं असं विचारलं तर मला उत्तर देता येत नव्हतं. हाच फोटो साध्या प्रिंटरवर काढला असता तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न मी आता प्रत्येक आयडियाला विचारते आणि बहुतेक तिथेच गळतात.

मग परवा सिग्नलला हिरव्या नेटखाली गाडी थांबवली होती, तोंडाला दुपट्टा, आजूबाजूला सगळे त्याच दोन हात सावलीत दाटीने उभे, आणि एकदम डोक्यात आलं. कागदावर ऊन पडतं तिथे प्रशियन ब्लू तयार होतो, ऊन पोचत नाही तिथलं रसायन पाण्यात निघून जातं आणि कागद पांढरा राहतो. म्हणजे माझ्या प्रिंटमधला पांढरा म्हणजे सावलीच की! आणि मे महिन्यात अख्खं नागपूर तेवढंच शोधत असतं. वस्तूंचे फोटो कशाला, सावल्याच गोळा करायच्या.

काल रात्री एकाच कागदाचे पाच तुकडे कोट केले, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही सोल्युशन सारख्याच प्रमाणात. वाळवले कपाटात. कूलरच्या खोलीत ठेवले की हवा दमट असते, कागद नीट वाळत नाही आणि डाग पडतात, हे एकदा भोगलंय. आज प्रत्येक तुकड्याला मोजून आठ मिनिटं दिली: उघडी गच्ची, सिग्नलची नेट, टिनाची शेड, कडुनिंब, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेली पाणपोई.

नेटखालचा तुकडा जवळजवळ गच्चीइतकाच निळा निघाला. तेवढी सावली आपल्याला बरी वाटते, पण कागदाला फारसा फरक कळलाच नाही. टिनाखालचा फिकट निळा आला, कारण कागद ज्याने निळा होतो ते अल्ट्राव्हायोलेट फक्त सूर्याकडून येत नाही, ते सगळ्या आभाळातून पसरून येतं आणि शेड तीन बाजूंनी उघडी आहे. पाणपोईत तट्ट्याच्या आत, रांजणाच्या मागे ठेवलेला मात्र पांढरा, अगदी कडेला जरासा निळसर.

आणि कडुनिंब! त्याच्याखाली जमिनीवर जे गोल गोल कवडसे पडतात ती खरं तर सूर्याची चित्रं असतात, पानांमधली प्रत्येक फट पिनहोलचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या टाचणीएवढ्या भोकाचं काम करते. मला वाटलं होतं गोल उमटतील. पण आठ मिनिटांत सूर्य दोन अंश सरकतो आणि तीन मीटर उंचीवरच्या फांदीचा कवडसा तेवढ्यात दहाएक सेंटीमीटर चालतो. त्यामुळे कागदावर बोटभर लांब पट्ट्या आल्या, कडा मऊ, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या, आणि दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर आल्या तिथे निळा गडद. वाऱ्याने पान हललं असेल तिथे पट्टी मधेच पुसट झालीये. वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने 1843 मध्ये शैवालं सरळ कागदावर ठेवून प्रिंट केली, म्हणून तिच्या कडा इतक्या स्वच्छ आहेत. माझं झाड कागदापासून दूर आहे आणि त्या मधल्या अंतरात वेळ शिरलाय. मी कितीतरी वेळ तो तुकडा हातात धरून बसले होते.

(धुताना बोअरच्या पाण्यात लिंबू पिळलं. जड पाण्याने निळा उतरतो, मागच्या वेळी चार प्रिंट त्यात गेले.)

हळदीनेही करून बघायचंय. स्पिरिटमध्ये कालवलेली हळद कागदावर लावली की ऊन ती उडवतं आणि सावलीची जागा पिवळी राहते, म्हणजे तीच सावली एकीकडे पांढरी, दुसरीकडे पिवळीधमक. या दोन्ही पद्धती शास्त्रज्ञ जॉन हर्शेलच्या 1842 च्या कामातल्या, जोडीने टांगायला किती छान. पण हळदीला काही तास लागतात, कडुनिंब तेवढा वेळ एका जागी कुठला राहायला. पाणपोई आणि टिन, दोनच जमतील. आणि हळदीचा प्रिंट पक्का करता येत नाही, उजेडात उडत जाणारच. उडू दे, त्याची मला भीती वाटत नाही.

26 तारखेला आपल्याकडे शून्य सावली दिवस, नवतपाचा, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, दुसरा दिवस. 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर. बाबांच्या सामानात पीव्हीसी पाइपचा तुकडा आहे, चार बोटं उंचीचा कापून घेते. तो कागदावर उभा ठेवायचा, 12.06 ते 12.14. ऊन पाइपमधून सरळ खाली उतरेल, आत निळं, बाहेर निळं, आणि मधे फक्त पाइपच्या जाडीएवढी पांढरी रिंग. शहरातली त्या क्षणाची सगळ्यात छोटी सावली.

उद्या कागद आणायचाय. गच्चीची ती जागा लेव्हलमध्ये आहे का, तेही सकाळी बघते.