काड्या हरवल्या नव्हत्या

"ताई, काड्या हरवल्या," असं म्हणत अंगणवाडीतल्या एका मुलीने नऊ आकड्याचा डबा माझ्यापुढे धरला. आत सहाच काड्या होत्या. मी सतरंजी झटकली, कपाटाखाली हात घातला. काही सापडलं नाही.

माँटेसरी पद्धतीत दांड्यांची पेटी असते. शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि सुट्या ४५ दांड्या; प्रत्येक कप्प्यात त्याच्या आकड्याइतक्या दांड्या मोजून टाकायच्या. एक ते नऊ यांची बेरीज ४५ होते, त्यामुळे मध्ये कुठे चूक झाली तर शेवटच्या कप्प्यात कमीजास्त होतं आणि मुलाला ते स्वतःलाच दिसतं. लाकडी पेटी अंगणवाडीच्या आवाक्यातली नाही. आम्ही श्रीखंडाचे दहा रिकामे डबे आणि आइस्क्रीमच्या ४५ काड्या घेतो. खराट्याच्या काड्या टोचतात, काडेपेटीच्या तोंडात जातात; आइस्क्रीमच्या काड्यांची टोकं गोल असतात.

मुलगी पावणेपाच वर्षांची, वीसपर्यंत घडाघडा म्हणणारी. तिचे बाकीचे डबे मी उलटे करून मोजले. एक ते पाच बरोबर. सहाच्या डब्यात ७, सातच्या ८, आठच्या ९. म्हणजे आठच्या डब्यापर्यंतच ३९ काड्या गेल्या होत्या आणि नऊसाठी सहाच उरल्या. एकही काडी हरवली नव्हती.

लक्ष नसलेलं मूल कधी एक जास्त टाकतं, कधी एक विसरतं. इथे सहापासून आठपर्यंत प्रत्येक डब्यात नेमकी एकच जास्त. तिला पुन्हा सहा काड्या मोजायला लावल्या आणि या वेळी तोंडाकडे न बघता फक्त हाताकडे पाहिलं. "पाच"ला एक काडी पडली. मग "स"ला एक आणि "हा"ला आणखी एक.

मराठीत एक ते पाच हे सगळे एका ठोक्याचे शब्द आहेत. सातही, आठही. सहा, नऊ, दहा मात्र दोन ठोक्यांचे. आम्ही गाण्यात टाळ्या घेत होतो अक्षरागणिक, "स-हा" अगदी ठसठशीत. टाळ्यांची सवय हातात उतरली आणि मोजतानाही हात तसाच चालला. काड्या पुरल्या असत्या तर नऊच्या डब्यात ११ पडल्या असत्या, सहाला एक जादा आणि नऊला आणखी एक.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. घरी "सा" आणि "धा" म्हणणारी जी मुलं आहेत त्यांच्या डब्यात ही चूक नव्हती. ही मुलगीही जूनमध्ये "सा"च म्हणत होती. "सा नाही, स-हा म्हण" हे आमचंच शिकवणं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी दिलेल्या "वीस एक, वीस दोन"वरून केवढा वाद झाला. इकडे बालवाडीतली पोरं सहालाच अडखळत होती.

टाळ्या बंद केल्या. गाणं असं केलं की आकडा आधी येईल आणि कृती त्याच्यानंतर, एकाच आवाजावर:

एक गोटा, टुप्!
दोन गोटे, टुप्!
तीन गोटे, टुप्!

घमेल्यात चार बोटं पाणी, बाजूला परातीत नदीतले गुळगुळीत गोटे, लिंबाएवढे. त्याहून लहान नको. चिंचोके, वाटाणे, हरभरे दिसायला सोयीचे, पण नाकात जातात, आणि हरभरा तर आत भिजून फुगतो. घमेल्यापाशी मोठं माणूस सतत हवं, खेळ संपला की पाणी ओतून टाकायचं. एवढ्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

एका घमेल्याभोवती चारच मुलं. पहिली दहा मिनिटं मोजणं काढायचंच नाही. पाण्यात हात घालायचा असताना कोणतंही मूल आकड्यांकडे लक्ष देत नाही, आणि आपण दामटलं तर गोटे मुठीमुठीने पडतात. हात निवले की गाणं. गाण्याची चाल मुलाच्या हाताने ठरवायची. गोटा उचलला नसेल तर "चार गोटे" म्हणून थांबायचं, हवं तर "गोटेऽऽ" लांबवायचं. वीस मुलांच्या कोरसमध्ये हे जमत नाही. कोरस कुणासाठी थांबत नाही, आणि कोण चुकतंय तेही त्यात झाकून जातं.

परातीतून पाण्यात गोटा जातो याचा दुसरा फायदा असा की मोजलेलं आणि न मोजलेलं वेगळं पडतं. रांगेत मांडलेल्या वस्तूंवर बोट ठेवत जाताना मुलं एखादी गाळतात, नाही तर पहिल्यावर परत येतात.

सगळे गोटे पाण्यात गेले की घमेल्यावर टोपली झाकून विचारायचं, "आत किती?" उघडं ठेवलं तर बरीच मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यांच्या लेखी "किती?" म्हणजे "मोजून दाखव". शेवटचा आकडा हेच उत्तर, ही समज वेगळी आहे आणि ती घोकून येत नाही. गेलमन आणि गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वं मांडली त्यांत एकास एक जोडी, म्हणजे एका आकड्याला एकच वस्तू, आणि ही समज वेगवेगळी धरली आहे. या मुलीची समज पक्की होती. झाकल्या टोपलीखाली किती, ते तिने लगेच सांगितलं. तिचं अडत होतं ते फक्त जोडीत, म्हणून तिच्याकडून टोपलीचा खेळ फारसा घेतला नाही.

चार दिवस गोटे, मग पुन्हा काड्या. टुप् मनातल्या मनात म्हणायचं, असं तिला सांगितलं. ती ओठ हलवत होती. नऊच्या डब्यात नऊ काड्या पडल्या, हातात एकही उरली नाही, तरी तिने सतरंजी उचलून पाहिलीच.

दहा अजून बाकी आहे. हाताची बोटं मोजताना चूक दिसत नाही, कारण "द" दहाव्या बोटावर पडतो आणि "हा" हवेत जातो. पण परवा "दहा गोटे आण" म्हटलं तर तिने अकरा आणले.