दुरुस्ती इतिहासात होती, कोडमध्ये नव्हती

आमच्या क्लायंट लायब्ररीची (सर्व्हरशी बोलणारा, इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा कोड) ५.० ही आवृत्ती बाहेर पडली त्याच सकाळी एक जुना दोष नव्याने नोंदवला गेला. टाइम-आउट झाला (सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही) की क्लायंट तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि सर्व्हरवर ती दोनदा चढते. हा दोष ४.२.३ मध्ये काढला होता, वापरणाऱ्यांना तसं कळवलंही होतं. पहिली शंका नेहमीची: गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, डेव्हलप ब्रँचमध्ये (पुढच्या आवृत्तीचं काम चालतं त्या शाखेत) मर्ज करायचा, म्हणजे मिसळायचा, राहिला असेल. दुरुस्तीच्या कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे तिचा ओळख-क्रमांक, घेऊन ती कोणत्या ब्रँचमध्ये आहे ते सांगणारं 'गिट ब्रँच --कंटेन्स' चालवलं, तर यादीत डेव्हलपचं नाव होतं. मग दुरुस्ती झालेल्या फाइलचा 'गिट लॉग', म्हणजे कमिटची यादी, काढला, तर ती कमिट त्यात नाहीच.

गिट दोन्ही वेळा खरं सांगत होतं. हॉटफिक्स डेव्हलपमध्ये रीतसर मर्ज झाला होता. पण तोवर तिथे ती फाइल बरीच बदललेली, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर, जी माणसाने सोडवावी लागते) आला आणि मर्ज करणाऱ्याने ओळी न बघता 'अवर्स' म्हणून आपल्याकडची अख्खी फाइल ठेवली. कमिट इतिहासात आली, तिच्यातला बदल मात्र गळून पडला. फाइलचं नाव देऊन लॉग मागितला की गिट इतिहास छाटून दाखवतं: मर्जनंतरची फाइल एका पेरेंटशी, म्हणजे मर्ज झालेल्या दोन बाजूंपैकी एकीशी, तंतोतंत जुळत असेल तर त्याच बाजूने मागे जातं, दुसरी बाजू वगळतं. ती पाहायची तर '--फुल-हिस्टरी' द्यावं लागतं. मर्ज कमिट 'गिट शो'ने उघडूनही उपयोग नाही, कारण तिथला एकत्रित डिफ (फरकांची यादी) दोन्ही पेरेंटपेक्षा वेगळ्या झालेल्या फाइलीच दाखवतो. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या गिट २.३६ पासून '--रीमर्ज-डिफ' मिळतं. ते मर्ज नव्याने करून पाहतं आणि माणसाने त्यात काय वेगळं केलं ते दाखवतं. ते चालवल्यावर गळालेल्या ओळी लगेच समोर आल्या. 'तो तर नुसता मर्ज आहे' म्हणून रिव्ह्यू न करता पुढे जायची सवय बहुतेक टीममध्ये आहे, आणि मला ती सर्वांत घातक वाटते.

दुपारच्या बैठकीत दोष बाजूला राहिला आणि वर्कफ्लोवर, म्हणजे ब्रँच कशा वापरायच्या यावर, चर्चा सुरू झाली. 'इंडस्ट्री स्टँडर्ड काय आहे?' हे व्यवस्थापनाकडून विचारलं जातंच, पण त्या प्रश्नाने काही ठरत नाही. आमच्याकडे गिट-फ्लो होता: मुख्य ब्रँचबरोबर कायमची डेव्हलप, आणि फीचर, रिलीज, हॉटफिक्ससाठी वेगळ्या ब्रँच. व्हिन्सेंट ड्रिएसन या प्रोग्रॅमरने तो एका लेखात २०१० मध्ये मांडला आणि २०२० मध्ये स्वतःच त्या लेखाला टीप जोडली: सतत डिप्लॉय होणारं (सर्व्हरवर चढणारं) वेब अ‍ॅप असेल तर याहून साधी पद्धत घ्या, आवृत्त्या काढून त्यातल्या अनेक एकाच वेळी सांभाळायच्या असतील तर ही अजूनही चालेल. लोक लेखातली आकृती उचलतात, टीप वाचत नाहीत.

ठरवायला लागतं ते एवढंच की एका वेळी बाहेर किती आवृत्त्या जिवंत आहेत. टीम चार जणांची आहे की चाळीस जणांची, हे नंतर. आमच्या रेपोत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) सर्व्हर आहे, त्याची एकच आवृत्ती चालते आणि ती आम्हीच चढवतो. त्याच रेपोत क्लायंट लायब्ररी आहे. ती इतर लोक आपापल्या कोडमध्ये घालतात आणि ४.२ वर सुखाने बसून राहतात. दोघांना एकच साचा लावल्यामुळे सर्व्हरचे तयार बदल लायब्ररीच्या रिलीजसाठी खोळंबून राहायचे.

खरा वाद झाला तो दुरुस्तीच्या दिशेवर. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, जुन्यात जुन्या ब्रँचवर दुरुस्ती करावी आणि वर मर्ज करत यावं. गिटची स्वतःची मार्गदर्शिकाही तेच सांगते, आधी मेंट (आधीच्या रिलीजच्या दुरुस्त्यांची ब्रँच), मग मास्टर (मुख्य ब्रँच). मुद्दा वजनदार आहे. तसं केलं तर कोणत्या रिलीजमध्ये दुरुस्ती आहे हे 'गिट टॅग --कंटेन्स' एका ओळीत सांगतं. चेरी-पिकमध्ये (एकच कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर नेण्यात) हॅश बदलतो आणि ती सोय जाते. उलट लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) स्टेबल, म्हणजे आधीच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या, शाखांचा नियम असा की दुरुस्ती आधी मुख्य शाखेत आलेली हवी. आम्ही हा दुसरा मार्ग घेतला. मागे न्यायचं विसरलं तर जुन्या आवृत्तीत माहीत असलेला दोष राहतो. वर न्यायचं फसलं तर बंद केलेला दोष नव्या आवृत्तीतून सगळ्यांकडे पोचतो.

तर आता डेव्हलप बंद, कायमची ब्रँच एकच: मेन. फीचर ब्रँच एक-दोन दिवसांत मेनमध्ये, अर्धवट काम फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद कळीमागे), आणि फ्लॅग काढायचं तिकीट फ्लॅगबरोबरच उघडायचं, नाहीतर तो कधीच निघत नाही. सर्व्हर थेट मेनवरून चढतो. लायब्ररीसाठी रिलीज ब्रँच मेनमधून काढायची, तिच्यात फक्त दुरुस्त्या, त्याही 'चेरी-पिक -एक्स'ने, म्हणजे मूळ हॅश संदेशात उमटतो. ती ब्रँच मेनमध्ये परत मर्ज करायची नाही. टॅग (रिलीजवर लावलेली नावाची खूण) अ‍ॅनोटेटेडच, म्हणजे लावणारा, तारीख आणि संदेश नोंदवणारा. सीआयमध्ये (बदल आला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) एक छोटी स्क्रिप्ट रिलीज ब्रँचवरच्या प्रत्येक कमिटच्या संदेशातून मूळ हॅश काढते आणि 'मर्ज-बेस --इज-अ‍ॅन्सेस्टर'ने तो मेनमध्ये आहे का ते पाहते. नसेल तर बिल्ड लाल, म्हणजे नापास. फक्त जुन्या आवृत्तीतच असलेल्या दोषासाठी संदेशात वेगळा शेरा आणि कारण द्यावं लागतं.

माझं मन अजून अडकलंय ते इथेच. मेनमध्ये तो कोड आता दोन फाइलींत विभागलाय. ४.२ वर चेरी-पिक केलं की कॉन्फ्लिक्ट येतो आणि दुरुस्ती हाताने लिहावी लागते. स्क्रिप्टला हॅश दिसतो, ती हिरवा कौल देते. आतला बदल बरोबर आहे की नाही हे तिला कळत नाही. म्हणजे इतिहास एक सांगतो आणि कोड दुसरंच, ही शक्यता उरतेच. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) दोन्ही कमिटचा 'रेंज-डिफ', म्हणजे त्यांच्या बदलांमधला फरक, जोडायची सक्ती केली आहे, पण तो नीट वाचणारे थोडे.

भरवसा ठेवावा तो टेस्टवर, म्हणजे दोष परत आला की फेल होणाऱ्या तपासणीच्या कोडवर. ती वेगळ्या फाइलीत असते, त्यामुळे त्या मर्जमध्येही टिकली असती आणि तिथेच लाल झाली असती, पण ४.२.३ च्या घाईत ती लिहिलीच गेली नव्हती. म्हणून माझा आग्रह असा, की टेस्टची कमिट वेगळी हवी: आधी ती ४.२ वर न्या, फेल होते हे दाखवा, मग दुरुस्ती न्या. यावर एका सहकारी मुलीने नेमकी हरकत घेतली: मेनमध्ये फेल होणारी टेस्ट एकटी आली तर 'गिट बायसेक्ट' (दोष कोणत्या कमिटने आणला ते शोधणारी आज्ञा) चालवणारा नेमका त्या कमिटवर अडकेल. टेस्ट आधी 'अपेक्षित फेल' अशी खूण करून आणायची आणि दुरुस्तीच्या कमिटमध्ये ती खूण काढायची, हा उपाय मी सुचवलाय. ५.१ ची ब्रँच काढण्याआधी त्यावर निर्णय व्हायचा आहे.