आईची पिवळी नळी

गेल्या आठवड्यात गोव्यात पर्वरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आला. फिटर पोरगा सावंतवाडीचा. त्याने शेगडी उलटी केली, बर्नरखालची नोझलं काढली आणि बारीक ड्रिलने त्यांची भोकं मोठी केली. आईचा जीव वरखाली.

"भोकं मोठी म्हणजे गॅस जास्त जळणार ना रे?"

तसं नाही. हा मिथेन. सिलिंडरातल्या गॅसपेक्षाच काय, हवेपेक्षाही हलका, तेवढ्याच घनफळात उष्णता निम्म्याहून कमी. म्हणून वाट मोठी लागते. गळला तर जमिनीवर न साचता वर जातो, त्यामुळे वरचा झरोका उघडा ठेवायचा. तो लगेच उघडला गेला.

"हा तुझ्याच समुद्रातला काय रे?"

होय म्हणायला फार आवडलं असतं. बावीस वर्षं मी चौदा दिवस समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, चौदा दिवस घरी अशी काढली. १९७४ला मुंबई हायला तेल लागलं, दोन वर्षांनी वसईसमोर गॅस. तो समुद्रातून हजिऱ्याला जातो आणि तिथून उत्तरेला. मी लागलो तेव्हा तेलाबरोबर वर येणारा बराच गॅस जाळूनच टाकत. रात्री त्या ज्वाळेच्या उजेडात डेकवर पेपर वाचता यायचा. आज आठवलं की पोटात कालवतं.

आपल्याकडे येतो तो दाभोळ-बंगळूर वाहिनीच्या फाट्यावरून. त्यात देशी गॅस आणि परदेशातून जहाजाने द्रवरूपात आलेला, दोन्ही मिसळलेले. आईच्या चहाखाली जळतो तो कुठला, हे देवालाच ठाऊक. ती जहाजं लागतात त्या दाभोळचा लाटारोधक बांध तर कितीतरी वर्षं अपुरा होता. पावसाळ्यात तिथे जहाजच लागत नसे.

२०२३-२४मध्ये देशात साधारण ३,६०० कोटी घनमीटर गॅस निघाला. खप जवळपास दुप्पट. तरी २०३०पर्यंत एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा सहा-सात टक्क्यांवरून १५ टक्के करायचा म्हणतात. मला पटत नाही, कारण केजी-डी६ हे गॅसक्षेत्र मी विसरलेलो नाही. २००२ला कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रात सापडलं, एप्रिल २००९ला गॅस सुरू, वर्षभरात रोज सहा कोटी घनमीटर. प्लॅटफॉर्मवर आम्ही पेढे वाटले होते, कंपनी दुसऱ्याची असून. मग विहिरींत पाणी शिरलं, वाळू आली, दाब पडला. ते पहिलं क्षेत्र २०२०च्या फेब्रुवारीत बंदच झालं. शेजारची नवी क्षेत्रं उघडून २०२३-२४मध्ये त्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास पोचले. तळाखालच्या साठ्याचे अंदाज बांधणाऱ्या रिझर्वायरवाल्यांना आम्ही उगाच पंचांगवाले म्हणत नव्हतो. त्याच खोऱ्यात २००६च्या मोहिमेत समुद्रतळाखाली हायड्रेट, म्हणजे मिथेन अडकलेला, पेटणारा बर्फ, सापडला. साठा मोठा, पण तो किफायतीत वर कसा आणायचा हे कुणालाच जमलेलं नाही.

"मग आपल्या मिरामारसमोर का नाही खणत?" आईचा शेवटचा प्रश्न.

केरळ-कोकण खोऱ्यात विहिरी खणून झाल्या, म्हटलं. धंद्यापुरतं काही लागलं नाही.

"बरं झालं. नुस्तं, मासळी तरी मिळेल," म्हणाली आणि दूध गॅसवर ठेवलं.