डाइव्हमास्टर इंटर्नशिपसाठी ठिकाण निवडताना : माझा अनुभव

ऐरोलीच्या आमच्या कंपनीने मला बिनपगारी रजा मंजूर केली ती जून ते ऑगस्ट २०२५ या काळासाठी. त्या दिवसापर्यंत मी डाइव्हमास्टरचे, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगमध्ये लोकांना पाण्याखाली घेऊन जाणाऱ्या वाटाड्याचे, प्रशिक्षण कोठे घ्यावे याचा विचार 'सर्वांत सुंदर पाणी कोठे आहे' या एकाच अंगाने करत होते, आणि म्हणूनच चार महिने माझा निर्णय होत नव्हता. अंदमानची छायाचित्रे पाहिली की अंदमान, इंडोनेशियाची पाहिली की इंडोनेशिया, असे माझे चालले होते.

माझी तयारी तोवर बेताचीच होती. ओपन वॉटर हा पहिला अभ्यासक्रम मी तारकर्लीला केला होता आणि त्यापुढचा ॲडव्हान्स्ड स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला. लॉगबुकात २२ डाइव्ह होत्या. पॅडी या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या नियमानुसार डाइव्हमास्टरचा अभ्यासक्रम सुरू करायला ४० डाइव्ह नोंदलेल्या असाव्या लागतात आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्या किमान ६० व्हाव्या लागतात. शिवाय मधला रेस्क्यू डायव्हरचा, म्हणजे संकटातल्या डायव्हरला वाचवायला शिकण्याचा, टप्पा पार करावा लागतो. याचा अर्थ मला ३८ डाइव्ह कमी पडत होत्या. रोज दोन धरल्या तरी १९ दिवस बोट समुद्रात जायलाच हवी होती, आणि रेस्क्यूचे सराव, पुस्तकी अभ्यास व विश्रांतीचे दिवस वेगळे. हा हिशेब मी कागदावर मांडला तो फार उशिरा. खरे तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

तो कागद बाबांनी पाहिला. आमचे मूळ घर मालवणचे, त्यामुळे समुद्राची गोष्ट निघाली की ते लक्ष देऊन ऐकतात. ते म्हणाले, "अगं, आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी कोणी होडी पाण्यात घालतं का? तू जून-जुलैत जाणार. त्या महिन्यांत जिथला समुद्र शांत असतो, तेच गाव शोध ना."

या एका वाक्याने माझी निम्मी यादी खोडली गेली. पावसाळ्यात तारकर्लीचे डाइव्हिंग बंद असते, मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी बेटही बंद असते, लक्षद्वीप परवान्यांच्या आधीच मोसमामुळे बाद झाले. अंदमान सोडताना मात्र मला मनापासून वाईट वाटले, कारण तिथे भाषेची अडचण नव्हती, व्हिसा लागणार नव्हता आणि मला शिकवणारे प्रशिक्षक ओळखीचे होते. पण नैर्ऋत्य मोसमी वारा तिथे आपल्याहीआधी पोहोचतो, आणि डिसेंबर ते एप्रिल हा तिथला खरा हंगाम माझ्या रजेत बसत नव्हता. होंडुरासचे उतिला बेट स्वस्त म्हणून ऐकले होते, परंतु अटलांटिकच्या चक्रीवादळांचा मोसम १ जूनपासून सुरू होतो आणि प्रवासखर्च एवढा की तिथल्या स्वस्ताईचा काही उपयोग उरत नाही.

उरली तीन ठिकाणे : श्रीलंकेचे त्रिंकोमाली, इंडोनेशियातील गिली त्रावांगन आणि थायलंडच्या आखातातील को ताओ. यांतील को ताओचे भूगोलाचे गणित मला विशेष पटले. थायलंडला दोन किनारे आहेत. पश्चिमेकडच्या अंदमान समुद्रातील सिमिलान बेटे मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, पण पूर्वेकडच्या आखातात त्याच काळात समुद्र बराच शांत असतो, कारण नैर्ऋत्येचा वारा मधल्या भूभागावर अडतो. आपल्याकडे घाटाच्या अलीकडे धो धो पाऊस आणि पलीकडे पर्जन्यछाया, तसाच हा प्रकार. को ताओचा वाईट काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि तोपर्यंत मी ठाण्यात परतलेली असणार होते. बेट अवघे २१ चौरस किलोमीटरचे आहे, पण चहूबाजूंनी खाडीसारखे वळलेले किनारे असल्यामुळे वारा एका बाजूने वाहू लागला तर बोट दुसऱ्या बाजूला नेता येते. नवख्यांसाठी उथळ खाड्या आहेत, खोल डाइव्हसाठी चुंफोन पिनॅकल हा पाण्याखालचा सुळका आहे, २०११ साली मुद्दाम बुडवलेले सट्टाकुट हे जहाज आहे. ज्याला पुढे लोकांना पाण्याखाली घेऊन जायचे आहे, त्याला अशा निरनिराळ्या परिस्थितींत शिकायला मिळणे मला पाण्याच्या निळेपणापेक्षा महत्त्वाचे वाटू लागले.

गिलीची फी त्याच आसपास होती, परंतु तिथे प्रवाह जोरदार असतात, आणि माझ्या २२ डाइव्हच्या अनुभवावर तिथे सुरुवात करण्याची मला भीती वाटली. ही भीती मी लपवली नाही, आणि तसे केले ते बरे केले असे आजही वाटते.

मधल्या काळात एका संस्थेने 'मोफत इंटर्नशिप' देऊ केली होती. संस्थेचे नाव सांगत नाही. आगाऊ रक्कम भरण्याआधी मी लेखी विचारले की किती डाइव्ह मिळतील, कोण शिकवेल आणि उरलेल्या वेळात काय करायचे. उत्तरात कळले की चार महिने दुकान सांभाळायचे, सिलेंडर भरायचे, साहित्य धुवायचे, आणि डाइव्ह 'बोटीत जागा असेल तेव्हा'. त्यांनी हे सारे पर्यटक म्हणून येऊनच करायला सांगितले होते, आणि थायलंडमध्ये वर्क परमिटशिवाय परदेशी माणसाला काम करता येत नाही, मग त्याचा मोबदला मिळो वा न मिळो. मी नकार कळवला आणि फी भरून शिकायचे ठरवले.

त्यानंतर पाच संस्थांना मी एकसारखेच चार प्रश्न पाठवले : एका प्रशिक्षकाकडे किती इंटर्न असतात, आठ आठवड्यांत साधारण किती डाइव्ह होतात, सर्वांत जवळचे रिकंप्रेशन चेंबर (डाइव्हनंतर होणाऱ्या दाबाच्या आजारावरील उपचारांची बंदिस्त खोली) कोठे आहे व तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, आणि बोटीवर ऑक्सिजनचा संच असतो का. दोघांनी सवलतीचे पत्रक पाठवले. एकीने चारही प्रश्नांची क्रमाने उत्तरे दिली, आणि ऑक्सिजन सिलेंडरची तपासणी कोण व केव्हा करतो हेही न विचारता लिहिले. माझा निर्णय तिथेच झाला.

खरी अडचण कानाची होती. तारकर्लीला माझा उजवा कान तीन-चार मीटरवरच अडकायचा, म्हणजे आतला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाशी जुळत नसे. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो, म्हणजे प्रमाणाने पाहिले तर सर्वांत मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच सोसावा लागतो. वैद्यकीय प्रश्नावलीत कानाच्या त्रासापुढे 'हो' लिहिल्यामुळे डॉक्टरांची सही आवश्यक झाली. नौपाड्यातील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो अर्ज शांतपणे संपूर्ण वाचला, हे मला फार आवडले. मग त्यांनी माझ्या कानात छोटी दुर्बीण धरली आणि म्हणाल्या, "आता नाक चिमटीत धरून हळूच फुंका." डाव्या कानाचा पडदा लगेच हलला, उजवा हलेना. "जोर लावू नका," त्या म्हणाल्या, "आधी आवंढा गिळा, मान डावीकडे कलती करा आणि मग फुंका." तिसऱ्या खेपेला आत टिक् असा बारीक आवाज झाला आणि त्या हसल्या. नाकातील ॲलर्जीवर मी सहा आठवडे उपचार घेतल्यावरच त्यांनी सही केली. ते आठवडे मी वाया गेले असे मानत नाही, कारण तेवढ्यात पोहण्याचा सराव करता आला. डाइव्हमास्टरच्या पोहण्याच्या चाचणीत ४०० मीटर पोहायला १३ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर पाचपैकी एकच गुण मिळतो. मारोतराव शिंदे तरण तलावावर पहिल्या दिवशी माझी तीच अवस्था होती; जून उजाडेपर्यंत मी १० मिनिटे ५० सेकंदांच्या आत आले, म्हणजे तीन गुणांवर.

तारखा जुळवणे शेवटी सोपे गेले. भारतीयांना त्या वेळी थायलंडमध्ये व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येत होते. २१ जूनला पोहोचून २३ जूनपासून आठ आठवडे मोजले तर अभ्यासक्रम १७ ऑगस्टला संपत होता आणि मुक्कामाची मुदत १९ ऑगस्टला. अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, तेही त्यात बसले. गणपती २७ ऑगस्टला होते. आईची तेवढी एकच अट होती. विम्याच्या बाबतीत मात्र नेहमीची प्रवास पॉलिसी पुरेशी नाही असे तिच्या अटी वाचल्यावर लक्षात आले, म्हणून डाइव्हिंगचा विमा डॅन या संस्थेकडून वेगळा घेतला.

मुख्य भूमीवरच्या चुंफोन शहरातून सुटलेली बोट को ताओच्या धक्क्याला लागली तेव्हा आकाश स्वच्छ होते. फोनवर बाबांनी ठाण्यात तीन दिवस सूर्य दिसला नसल्याचे सांगितले. दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या डाइव्हला मी दोरी धरून उतरले, चार मीटरवर थांबले, आवंढा गिळला, मान डावीकडे कलती केली. उजव्या कानात टिक् झाले. प्रशिक्षकाने बोटाने विचारले, मी 'ठीक आहे' अशी खूण केली आणि आम्ही खाली निघालो.