हानले: पळता न येणाऱ्या मांजरीच्या मुलखात

लडाखमधल्या हानलेला माणसं येतात ती आकाश बघायला. साडेचार हजार मीटरवरची वेधशाळा, तिथली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आणि २०२२ मध्ये या परिसराला मिळालेला डार्क स्काय रिझर्व्हचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या राखीव क्षेत्राचा दर्जा. त्यामुळे आमच्या होमस्टेतली निम्मी मंडळी रात्रभर ट्रायपॉडपाशी आणि दिवसा रजईत. मी आणि माझा मेहुणा मात्र उलट्या पाळीचे. रात्री लवकर गुडुप, पहाटे अंधारात थर्मास भरून गाडीत. आम्हाला बघायची होती मनुल, म्हणजेच पॅलसची मांजर, थंड पठारांवरची लहानशी रानमांजर.

लेहहून हानले साधारण अडीचशे किलोमीटर. उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा असं करत बराचसा रस्ता सिंधूच्या सोबतीने जातो. लोमाच्या पुलाशी परमिट दाखवायचं आणि मग चांगथांगचं उघडंबोडकं पठार सुरू. विमानातून लेहला उतरून थेट इकडे धावणारे बहाद्दर भेटतात. ते हानलेत आकाशही बघत नाहीत नि मांजरही, विरळ हवेने फक्त डोकं धरून बसतात.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. गवत पिवळं पडलेलं, ओढ्यांच्या कडेला पहाटे बर्फाची पापडी. मनुल शोधायची तर आधी पायका शोधायचा, हे आचोने पहिल्याच सकाळी बजावलं. आचो म्हणजे आमचा वाटाड्या, लडाखीत मोठा भाऊ. पायका हा सशाच्या गोतावळ्यातला बिनशेपटीचा, मूठभर प्राणी. मार्मोट हा खारीच्या कुळातला थोराड प्राणी थंडीत बिळात जाऊन महिनोन्महिने झोपतो, पायका झोपत नाही. भर हिवाळ्यातही तो बाहेर येतो, म्हणूनच मनुलची चूल पेटती राहते. जिथे पायक्यांची बिळं आणि जवळच दगडांची रास, तिथे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकडोळी दुर्बीण लावायची नि बसायचं. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढलं. रानगाढवांचे, म्हणजे किआंगचे, कळप येऊन गेले. दूरवर एक लांडगा दुडक्या चालीने निघून गेला. मांजरीचा पत्ता नाही.

आणि मग आचो नुसतं म्हणाला, “वो बैठी है.” स्कोपला डोळा लावला. दगड, दगड, दगड. त्यातल्या एका दगडाने डोळे मिटले.

तिला अर्धा तास तरी मनसोक्त बघता आलं. चेहरा रुंद, चपटा, आणि त्यावर चाळकऱ्यांवर कायमचा वैतागलेल्या घरमालकाचा भाव. गालांवर दोन दोन काळे पट्टे, कपाळावर बारीक काळे ठिपके. कान एवढे खाली, अगदी बाजूंना की आधी दिसतच नाहीत. त्याचा उपयोग ती डोकावली तेव्हा कळला. इतर मांजर दगडाआडून बघायला लागली की आधी तिचे कान वर येतात. हिचं सपाट कपाळ आणि पिवळे डोळे, बस्स. डोळ्यांचीही गंमत आहे. घरातल्या मनीची बाहुली उन्हात आक्रसून उभी फट होते. मनुलची बाहुली लहान होते, पण गोलच राहते.

आकाराने ती दांडगी वाटते, पण तो सगळा केसांचा थाट. वजन २.५ ते ४.५ किलो, म्हणजे घरच्या बोक्याएवढंच. पोटाकडचे केस पाठीवरच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट लांब, कारण पोट गोठलेल्या जमिनीला टेकवूनच हिचा दिवस जातो. पीटर सायमन पॅलस या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये हिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. एवढे केस बघून त्याला ही पर्शियन मांजरींची पूर्वज वाटली होती. तसं काही नाही. हिचं जवळचं नातं आपल्याकडच्या बिबट मांजराच्या कुळाशी आहे.

ती शिकारीला निघाली तेव्हाची चाल बघण्यासारखी. पाय आखूड, अंग जमिनीला घासत, दोन पावलं आणि पुतळा. पुन्हा दोन पावलं. पायक्याने मान वर केली की ही जागच्या जागी थिजायची. शेवटची झेप मारली खरी, पण पायका बिळात पसार. मनुलने बिळाच्या तोंडाशी जरा वेळ वाट बघितली आणि तीही एका घळीत शिरली. ही स्वतः बिळं क्वचितच खणते. कपारीत नाहीतर मार्मोटच्या रिकाम्या बिळात संसार.

आता मुद्द्याचं. या मांजरीला पळता येत नाही. म्हणजे पळते, पण लांडगा, कुत्रा यांच्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. म्हणून धोका दिसला की ती जमिनीला चिकटते आणि हलत नाही. वरून घिरट्या घालणाऱ्या सोनेरी गरुडापुढे ही युक्ती चालते, कारण तिचा रंगच मातीचा. पण फोटोवाल्यांना वाटतं, अरे वा, बाई पोज देतायत! मग दहा पावलं पुढे, अजून दहा. आमच्यासमोरच दुसऱ्या दिवशी एक गाडी रस्ता सोडून थेट गवतावरून त्या दगडांपर्यंत आली. आचोने हात हलवून थांबवली, उतरलेल्यांशी बोलला. त्यातलं एकच वाक्य सांगतो: “भागती नहीं, इसका मतलब डरती नहीं, ऐसा नहीं है, सर.” एप्रिल-मेच्या सुमारास पिल्लं होतात आणि उन्हाळ्यात ती घळीबाहेर खेळू लागली की गर्दी आणखी वाढते. त्यात गावांच्या आणि छावण्यांच्या उकिरड्यांवर पोसलेली मोकाट कुत्री. माणूस निदान परत जातो, कुत्री तिथेच असतात.

जायचं असेल तर लेहला किमान दोन-तीन रात्री काढा, परमिट आधी करून ठेवा, टाकी लेहलाच भरून घ्या. वाटाड्या हानलेचाच घ्या, आणि तो “यहीं से” म्हणाला की तिथूनच बघा. सहाशे मिलिमीटरची लेन्स नसली तरी चालेल, स्कोप मात्र हवाच. मोबाईल त्याला टेकवून काढलेले माझे फोटो धूसर आहेत, पण कपाळावरचे ठिपके मोजता येतात.